उजव्या गालाची भीती

गेल्या महिन्यात मी पनवेलच्या पुढे एका मोठ्या इस्पितळात जाऊन आले. तेव्हापासून आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या बायका दारात येऊन बसतात आणि विचारतात, काय केलं, कसं केलं, दुखलं का. एकीला सांगून होत नाही तोवर दुसरी येते. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, लिहिता येतं. म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवावं आणि मला माझं काम करू द्यावं.

घाबरू नका, असं मी इथे कुठेही लिहिणार नाही. मी जाताना घाबरले होते, तिथे घाबरले होते आणि येतानाही घाबरलेलीच होते.

झालं असं की चहा उजव्या गालाला झोंबायला लागला. आरशात बघितलं तर आतून पांढरा चट्टा. बोट लावलं की खरखरीत लागायचा. अलिबागच्या दातांच्या डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं आणि एकदम गोड बोलायला लागला. डॉक्टर गोड बोलायला लागला की समजावं. त्याने पनवेलच्या पुढचं इस्पितळ सांगितलं.

माझी धाकटी जाऊ पार्वती असल्याच चट्ट्याने गेली. तिचा चट्टा पण गालातच होता. तिने वर्षभर कोणाला दाखवला नाही. शेवटी गालाला भोक पडलं. दूध पाजलं की त्यातून गळ्यावर यायचं, आणि मी ते पुसायची. त्यामुळे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे काय होतं ते मी बघितलेलं होतं.

रेवदंडा ते पेण

मुलगा बोटीवर गेला होता. सून म्हणाली, मी येते सोबत. मी म्हटलं, बोंबील कोण उचलणार, तुझा बाप? पेणला माझी नणंद हिराबाई दिलेली आहे, ती सोबत येणार होती. पिशवीत एक लुगडं, टॉवेल आणि हिरासाठी सुके बोंबील घेतले. कमरेला मशेरीची डबी होतीच. ती नसेल तर मला नेसल्यासारखं वाटत नाही.

अलिबागच्या रिक्षात बसले. रिक्षावाला ओळखीचा. म्हणाला, "मावशी, पिशवी मागे ठेव, उद्या सकाळपर्यंत वास जात न्हाय रिक्षाचा."

"जेवताना बरा चालतो तुला हाच वास," मी म्हटलं.

तो हसला, मी नाही हसले. हसताना गाल ताणतो.

अलिबागहून पेणची एसटी मिळाली. खिडकीतून खारफुटी, चिखल, बगळे, मग वडखळला ट्रकांची रांग. हे सगळं मी शंभरदा बघितलंय, माल घेऊन जाताना. पण तेव्हा पाट्या सांभाळायच्या असतात. या वेळी मांडीवर काही नव्हतं. माणसाला मोकळे हात मिळाले की भीती येऊन बसते. जीभ सारखी चट्ट्याकडे जात होती. मी दात आवळून जीभ मध्ये धरून ठेवली, पण ती नागोबासारखी पुन्हा तिथेच.

हिराच्या घराशेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेणला असे घरोघर आहेत. अजून रंग न लावलेल्या मूर्ती ओळीने वाळत ठेवलेल्या, पांढऱ्याफटक, डोळे नसलेल्या. आमच्याकडे बोंबील वाळतात, यांच्याकडे देव. मी तिथे उभी राहून बघत राहिले. सगळ्यांचे गाल गुळगुळीत होते.

हिराने कोलंबी-वांगं आणि तांदळाची भाकरी केली होती. मी भाकरी कालवणात बुडवली, तोंडात घातली आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"रडतेस काय, वैनी?" हिरा म्हणाली.

"रडत न्हाय. तिखट झोंबलं."

"आ कर बघू."

मी आ केला. तिने बघितलं आणि काही बोलली नाही. हिरा गप्प बसली म्हणजे काहीतरी भयंकर दिसलं असणार, कारण ती कोणाच्या मयतालाही गप्प बसत नाही. उठली, हळद आणली, खोबरेल तेलात कालवली आणि बोटाने माझ्या गालात चोळली. उजवीकडे चोळली, मग म्हणाली, एकीकडेच कशाला, आणि डावीकडेही चोळली. सकाळी निघताना पुन्हा एकदा. मी त्याआधी मशेरी लावून घेतली होती. म्हणजे इस्पितळात जाताना माझ्या तोंडात तंबाखू, हळद आणि तेल, असं सगळं होतं.

पनवेलच्या पुढे

इस्पितळ स्वच्छ आहे, गार आहे आणि तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही. आमच्याकडे माणूस आजारी पडला की आळी येऊन बसते, चहा होतो, आजाऱ्यापेक्षा बसायला आलेल्यांचाच आवाज जास्त. इथे बाकावर माणसाला माणूस लागून बसलेला आणि कोणी कोणाकडे बघत नाही. बरेच जण तोंडाला रुमाल बांधून होते. माझ्या शेजारच्या माणसाचा रुमाल सरकला. त्याच्या एका बाजूचा जबडाच नव्हता. वय माझ्या मुलाएवढं. त्याने माझ्याकडे बघितलं, रुमाल नीट केला आणि सरकून मला जरा जास्त जागा दिली.

मी हिराला म्हटलं, "चल, घरी जाऊ."

"आता आलीस ना? बस," ती म्हणाली आणि माझं मनगट धरून ठेवलं, लहान पोराचं धरतात तसं.

डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "आजी, तंबाखू खाता?"

"न्हाय."

"सुपारी, गुटखा?"

"न्हाय."

"मिश्री, मशेरी?"

मी हिराकडे बघितलं. हिरा म्हणाली, "ती तर दात घासायची, डॉक्टर. ती काय खायची वस्तू हाय?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून त्याची पूड करायची आणि हिरड्यांना चोळायची, ही मशेरी. आम्ही न्हातीधुती झाल्यापासून लावतो आणि तंबाखू खात नाही असं सांगतो. खोटं म्हणून सांगत नाही. आम्हाला खरंच तसं वाटतं.

डॉक्टर म्हणाला की चट्ट्याचा तुकडा काढून तपासावा लागेल. पण तोंडभर तुकडे काढत बसता येत नाही, म्हणून कुठला काढायचा हे आधी कळलं तर बरं. त्यासाठी त्यांच्याकडे एक नवीन तपासणी चालू होती. सक्ती नाही, म्हणाला. एक औषध तोंडात धरायचं, चूळ भरून टाकायची, मग निळ्या दिव्याखाली बघायचं. खराब जागा असेल तर ती चमकते.

"चमकते म्हणजे?" मी विचारलं. "मग ते आत राहतं का चमकत?"

त्याने औषध बनवणाऱ्या मुलीला बोलावलं. शर्वरी तिचं नाव, सोलापूरकडची, चष्मा, केस वर बांधलेले. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, विचारा काय विचारायचं ते. मी सगळं विचारलं. सही करायची होती आणि कळल्याशिवाय मी सही करत नाही.

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. एक प्रथिन आहे, फार बारीक. त्याला पकडायला जणू तोंड आहे. ते चांगल्या कातडीला धरत नाही, खराब पेशी दिसली की तिलाच धरून बसतं. पण ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याला एक चमकणारा रंग चिकटवतात, ओळखीची खूण म्हणून. त्याला ती लेबल म्हणत होती.

"मग चिकटवा. त्यात काय?"

"तिथेच गोची होती, आजी. नुसता रंग मिसळला की तो कुठेही चिकटतो. एकाला पाच-पाच चिकटतात, एकाला एकही नाही. आणि कधी नेमका तोंडावरच बसतो. मग ते बिचारं पकडणार कशाने? अर्धं औषध वाया."

"आणि आता?"

"आता ते काम एंझाइम करतं, तेही एक प्रथिनच, पण जोडणी करणारं. प्रथिनाच्या शेपटाशी एक खास जागा ठेवलेली असते. एंझाइम ती जागा बरोबर शोधतं, तिथे एक लेबल जोडतं, सोडून देतं आणि पुढचं धरतं. एकाला एक. तोंड मोकळं."

"आणि ते एंझाइम संपत न्हाय?"

"नाही. जोडून झालं की ते सुटं. तेवढंच एंझाइम हजारो जोडतं."

मी म्हटलं, "बोंबील घालतो तसं."

तिला कळलं नाही. मग हिराने पिशवीच उघडली. ती कालचे बोंबील इस्पितळात का घेऊन आली होती ते तीच जाणे, कदाचित डॉक्टरला द्यायला. बोंबील वाळत घालताना आम्ही दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवतो, आणि ती जोडी दोरीवर टाकतो. दुसरीकडे कुठे बांधायला गेलं तर ओला बोंबील तुटतो. जबड्यातच अडकतो. हात एक जोडी अडकवतो, सोडतो, पुढची घेतो. दिवसभर जोड्या पडत जातात, हात तोच.

शर्वरीने दोन बोंबील दोन बोटांत धरले आणि म्हणाली, "हो, असंच. फक्त आमच्याकडे तोंड मोकळं ठेवायचं, शेपूट अडकवायचं." मग बोटांचा वास घेतला. "आणि मी शाकाहारी आहे."

हिरा म्हणाली, "सुक्याला काय लागतंय शाकाहारी? पाणी तर नसतंच त्यात."

समजलं म्हणून भीती गेली, असं नाही. पण आधी अंधारात भीत होते, आता निदान कशाला भ्यायचं ते कळलं. ते बारीक प्रथिन माझ्या गालात जाणार आणि काही धरायला मिळालं तर धरून बसणार. न मिळालं तर चुळीबरोबर जाणार. म्हणजे ते थुंकीतून गेलं पाहिजे एवढीच माझी मागणी होती. मी सही केली.

खोलीत अंधार केला. औषधाची बारीक बाटली शर्वरीने काळ्या कागदातून काढून उघडून ठेवली. औषध देण्याआधी एकदा नुसतंच बघतात, म्हणून डॉक्टरने निळा दिवा माझ्या तोंडात धरला. समोर पडदा होता, त्यावर माझं तोंड दिसत होतं.

सगळं चमकत होतं. उजवा गाल, डावा गाल, हिरड्या, जिभेची कड. हिरवंपिवळं, रात्री समुद्राचं पाणी कधी कधी पेटतं तसं.

मी पार्वतीला बघितलं. खरंच बघितलं असं नाही, पण तिचं दूध गळ्यावर येताना जसं दिसायचं तसं मला माझंच दिसलं. वाटलं, एक गाल नाही, सगळंच गेलंय. आता काय कापणार, डोकं?

डॉक्टर म्हणाला, "अजून औषध दिलंच नाहीये ना?"

"नाही," शर्वरी म्हणाली. ती जवळ आली, कापूस घेतला, माझ्या गालातून फिरवला आणि बाहेर काढला. खोलीतला दिवा लावला. कापूस पिवळाजर्द.

"आजी, तोंडात काय लावलंय?"

मी काही सांगायच्या आत दारातून हिरा म्हणाली, "हळद. घरची हाय, भेसळीची न्हाय."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. हळद निळ्या उजेडात स्वतःच चमकते म्हणे. ती असताना बाकी काही दिसणार नाही. तोंड धुवून, पुसून झालं तरी हिरड्यांच्या कडेला राहिलीच. आणि त्या मशेरीने काळं झालेलं वेगळं. आजचा दिवस फुकट. उघडलेलं औषध ठेवता येत नाही, रंग मंदावतो. दुसरी बाटली शिल्लक नव्हती.

"मग आता कधी?" मी विचारलं. मला वाटलं महिना सांगतील. महिनाभर हे गाल घेऊन मी काय करणार होते?

शर्वरी म्हणाली, "उद्या या. प्रथिन आहे माझ्याकडे, नुसतं लेबल जोडायचंय. जुन्या पद्धतीने केलं असतं तर निम्मं फेकून द्यावं लागायचं, निवडत बसायला आठवडा गेला असता. एंझाइम आज दुपारपर्यंत जोडून टाकेल. संध्याकाळी साफ करते, सकाळी तपासते. फक्त उद्यापर्यंत हळद नको. जेवणातही नको. आणि मशेरी नको."

बाहेर आल्यावर मी हिराला म्हटलं, "तुझ्या हळदीने मी तिथेच मेले असते."

"बायकांना हळद लागायची केवढी हौस असते, वैनी. तुला या वयात दुसऱ्यांदा लागली," ती म्हणाली. पण बोलताना तिने पुन्हा माझं मनगट धरलं.

पेणला, एक रात्र आणखी

हळदीशिवाय आपण काय खातो, हे त्या दिवशी कळलं. कालवणात हळद, भाजीत हळद, तळायच्या माशाला हळद, वरणात हळद. शेवटी दहीभात. हिराच्या घरच्यांनी समोर बसून तळलेला बांगडा खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

मशेरीशिवाय सकाळ त्याहून वाईट. डोकं ठणकतं, पोट साफ होत नाही, जीव कशातच लागत नाही. बोट आपोआप डाव्या हिरडीकडे जात होतं. मी सगळी मशेरी डावीकडेच लावते, डाव्या खालच्या दाढांच्या मागे, सासूने तिथे लावायला शिकवलं तेव्हापासून. डबी हिराने आपल्याकडे ठेवून घेतली होती. मी तिला दोन शिव्या दिल्या, त्या तिने ऐकून घेतल्या.

पुन्हा निळा दिवा

या वेळी आधी बघितलं तेव्हा पडदा काळा होता. मग शर्वरीने नवी बाटली उघडली. पाण्यासारखं औषध, चव किंचित खारट. तोंडात धरलं, सगळीकडे फिरवलं. थुंकले. चुळा भरल्या. पुन्हा अंधार.

मी डोळे मिटून घेतले होते. डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्हाला बघायचं असेल तर बघा."

मी उजवा गाल बघितला. काळा. नुसता काळा. चट्टा होता, त्याची कड दिसत होती, पण चमक नाही. हिरा म्हणाली, "बघ, मी काय म्हणत होते," जरी ती तसं काहीच म्हणत नव्हती.

मग डॉक्टरने दिवा डावीकडे वळवला. खाली, शेवटच्या दाढेमागे, हिरडीला एक ठिपका होता. तांदळाच्या कणीएवढा. हिरवा. तो तिथे बसून चमकत होता.

त्या जागी मला कधी दुखलं नव्हतं. झोंबलं नव्हतं. तिथे आरशात दिसतही नाही. मी दीड महिना उजव्या गालाला भीत होते, रात्री उजव्या कुशीवर झोपत नव्हते, त्या बाजूने चावत नव्हते. डाव्या बाजूने चावत होते.

शर्वरी पडद्याकडे बघत होती. ती म्हणाली, "चमकलं म्हणजे नक्की, असं नाही, आजी. तुकडा तपासल्यावरच कळेल." ती खरं बोलत होती. पण तिचं औषध चांगलं निघालं म्हणून तिला आनंद झाला नाही, ते मला दिसलं आणि मला ती त्यासाठी आवडली.

दोन्हीकडचे तुकडे काढले. इंजेक्शन देऊन काढतात, ओढल्यासारखं वाटतं, दुखतं नंतर. निकाल यायला दिवस लागतात आणि ते दिवस सगळ्यात वाईट. त्या दिवसांत मी रेवदंड्याला येऊन बोंबील घातले. हात चालू होते, बाकी मी कुठेच नव्हते.

उजवीकडचा चट्टा साधा निघाला. त्याच्यावर लक्ष ठेवायचं. डावीकडचा खराब होता, पण नुकता सुरू झालेला. हाडापर्यंत गेला नव्हता. पुन्हा बोलावून हिरडीचा तुकडा आणि दोन दाढा काढल्या. डॉक्टर म्हणाला, लवकर आलात. मी लवकर नव्हते आले. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी आले होते.

घरी

आता तीन महिन्यांनी पुन्हा जायचं आहे, मग पुन्हा, मग पुन्हा. प्रत्येक वेळी तो दिवा डावीकडे वळेल आणि मी डोळे मिटणार, हे मला आत्ताच माहीत आहे. मशेरी सोडली. मोठेपणा म्हणून सांगत नाही. रोज सकाळी बोट डाव्या हिरडीकडे जातं, तिथे आता खड्डा आहे, आणि बोट परत येतं.

काल शेजारची जना आली. ती लहान होती तेव्हापासून मी तिला दोरीवर बोंबील घालताना बघते, एका हाताने जोडी घालते आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडात, मशेरीचं. ती ओट्यावर बसली, इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही असं बघून माझ्यासमोर मोठा आ केला.

"बघ गं काकू, काय हाय का?"

मी बघितलं. काळे दात, काळ्या हिरड्या, लाल गाल. पार्वतीचं तोंडही सुरुवातीला असंच असणार. माझंही असंच होतं.

"मला काय दिसणार?" मी म्हटलं. "तोंड मिट. उद्या सकाळच्या गाडीने जाऊ. आज रात्री कालवणात हळद घालू नको."